मराठी ३० चा स्पीड अठ्ठावीसवर का अडतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही समजेल. तुम्ही पिंपळगाव बसवंतकडच्या, वय ३४. २० व्या वर्षी मॅन्युअल मशीनवर मराठी ३०, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची टायपिंग परीक्षा, पास झालात. मग लग्न, मुलगी, द्राक्षबागेचं घर, आणि १४ वर्षं टायपिंगला हात नाही. आता लिपिक-टंकलेखकाची लेखी निघालीय, कौशल्य चाचणी दोन महिन्यांवर आहे. आठवड्यात वेळ मिळत नाही म्हणून रविवारी सलग चार तास बसता. एकच उतारा घोटून घोटून ३२ पर्यंत नेता, पण नवा उतारा घेतला की २४-२५. दीड महिना झाला, गाडी २७-२८ च्या पुढे सरकत नाही. नणंद म्हणते तिशीनंतर डोकं चालत नाही, ब्राह्मी सुरू कर. आणि तुम्ही मला विचारलंत, "सर, माझी स्मरणशक्ती कमी झालीय का?"

नाही झालेली. पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय की १४ वर्षांनी बसलात तेव्हा पहिल्या दिवशी 'क' सुद्धा सापडेना, आणि आठवड्यात २२ चा स्पीड आला. नवीन मुलाला माझ्याकडे तेवढं यायला तीन-चार महिने लागतात. मग हे आठवड्यात कुठून आलं?

हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, थांबायचं, आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचं. एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश श्रम वाचत होते, ३१ दिवसांनीही पाचवा हिस्सा. लोक यातलं 'माणूस भराभर विसरतो' एवढंच सांगतात. पण त्याने मोजली ती बचत. आठवत नाही असं वाटणारी गोष्ट पुन्हा शिकताना स्वस्त पडते, म्हणजे ती आत कुठेतरी शिल्लक होती. आणि त्याच्या याद्या निरर्थक होत्या. हाताचं काम तर याहून कितीतरी चिवट असतं. तुमच्या सासऱ्यांना विचारा, दहा वर्षांनी सायकलवर टांग टाकली तर जमेल का.

हाताची आठवण वेगळ्या कप्प्यात असते हे कळलं ते एका दुर्दैवी माणसामुळे. हेन्री मोलेसन. १९५३ साली फिट्सच्या आजारासाठी अमेरिकेत त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवीन काही लक्षात ठेवण्याची त्याची ताकदच गेली. तपासणाऱ्या ब्रेंडा मिल्नर खोलीबाहेर जाऊन परत आल्या की त्या त्याला नव्या. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवस सराव केला. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज त्याचं म्हणणं की हे मी आयुष्यात कधी केलं नाही. त्याला स्वतःला पत्ता नव्हता, हाताला होता.

नाशिकरोडला माझा टायपिंगचा क्लास १९८८ पासून आहे. मधे मानसशास्त्रात एम.ए. केलं, तेही याच कुतूहलापोटी, की बोटं नक्की काय शिकतात. जुन्या मुलांवर मी एक गंमत करतो. चहा पिताना अचानक विचारतो, "ळ कुठे आहे रे?" चाळीसचा स्पीड असलेला मुलगा गप्प होतो, वर बघतो, आणि टेबलावर त्याचं बोट हलतं. बोट हललं की मग तोंडातून उत्तर येतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २०१४ साली हेच नीट मोजून दाखवलं गेलं: मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणाऱ्या लोकांना कोऱ्या की-बोर्डच्या चित्रावर अक्षरं भरायला सांगितली, तर २६ पैकी सरासरी १५ च बरोबर आली. तेव्हा पहिल्या दिवशी 'क' आठवला नाही म्हणून घाबरण्यात अर्थ नव्हता. तो आठवण्याचा प्रकारच नाही.

आता रविवारचे चार तास. इथे मला स्वतःचं पाप सांगावं लागेल. १९९० च्या सुमारास परीक्षा जवळ आली की मी 'डबल बॅच' लावायचो. दोन तास सकाळी, दोन संध्याकाळी, फी दुप्पट. पालक खूश, मुलं खूश, मी तर खूशच. दोन आठवडे स्पीड चढलेला दिसायचा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर धाडकन खाली यायचा. मी सुट्टीला दोष देत राहिलो.

मग बॅडली आणि लाँगमन यांचा १९७८ चा अभ्यास वाचनात आला. ब्रिटनमध्ये टपालाची छाननी यंत्रावर आली, त्यामुळे पोस्टमन लोकांना टायपिंग शिकवायची वेळ आली होती. त्यांचे चार गट केले. एक गट दिवसातून एकदाच एक तास बसायचा. दुसऱ्या टोकाचा गट दिवसातून दोनदा, दर वेळी दोन तास, म्हणजे हुबेहूब माझी डबल बॅच. की-बोर्ड शिकायला रोज एक तासवाल्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, चार तासवाल्यांना जवळपास ५०. पंधरा तास पाण्यात! आता दिवस मोजले तर चार तासवाले लवकर सुटले हे खरं, त्यामुळे कुणाची परीक्षा दहा दिवसांवर असेल तर तो काय करणार, बसेल बिचारा. पण तुमच्याकडे दोन महिने आहेत.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सरावाची पद्धत आवडली का असं विचारल्यावर सगळ्यात नाराज कोण होते? रोज एक तासवाले, ज्यांचे तास सगळ्यात कमी वाया गेले तेच. शेजारचा गट भराभर पुढे जाताना दिसत होता, आपण रखडलोय असं वाटत होतं. रविवारी चार तास बसल्यावर तुम्हाला जो 'आज काहीतरी झालं' असा आनंद होतो ना, त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. तिसऱ्या तासाला तुमची मान अवघडलेली असते, करंगळी लोळत असते, आणि त्या तासाला तुम्ही थकलेल्या हाताने चुका घोटत असता.

मुलीची शाळेची बस गेली की २५ मिनिटं, रात्री जेवणं उरकल्यावर २५. रविवारी हवं तर एक जास्तीचं, आणि बाकी सुट्टी. मधली रात्रही वाया जात नाही. बोटांच्या ठरावीक क्रमाचा सराव करून झोपलेल्या माणसाचा हात सकाळी थोडा सुधारलेला मिळतो असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय; किती सुधारतो यावर संशोधकांत वाद आहेत, पण झोप मोडून सराव करा असं कुणीच म्हणत नाही. छाटणी-थिनिंगच्या दिवसांत तुमच्याकडे पहाटे चारला उठावं लागतं हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी रात्रीची २५ मिनिटं सोडून द्या.

आता तुमचा ३२ चा उतारा.

तो ३२ खरा नाही. रागावू नका, माझी अख्खी बॅच एकदा यात बुडालीय. सहकारी साखर कारखान्यांवरचा एक उतारा होता, मी तो महिनाभर करून घेतला. "सहकार क्षेत्राने ग्रामीण महाराष्ट्राच्या" एवढं म्हटलं की मुलांची बोटं पुढे धावायची, कागद उलटा ठेवला तरी. मी कौतुकाने बघायचो. परीक्षेत आलं काहीतरी बँकेच्या कर्जाबद्दल, आणि सोळातली अकरा मुलं नापास. ती मुलं टायपिंग शिकली नव्हती, एक उतारा वाजवायला शिकली होती, पेटीवर एकच भजन बसवतात तसं.

आठ वर्षांच्या मुलांवरचा एक साधा प्रयोग आहे, कर आणि बूथ यांचा, तोही १९७८ चाच. छोट्या पिशव्या निशाणावर टाकायच्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी चाचणी घेतली तीन फुटांवरून. दुसरा गट सरस ठरला! ज्या अंतराचा सराव केलाच नव्हता, त्याच अंतरावर. टप्पा बदलत राहिला की हाताला दर वेळी नव्याने अंदाज घ्यावा लागतो, आणि हा अंदाज घेण्याचाच सराव होतो. एकाच ठिकाणाहून टाकत राहिलं की मागचीच हालचाल पुन्हा खेचून आणली जाते.

म्हणून रोज नवा उतारा. सोमवारी पेपरातला अग्रलेख, मंगळवारी शासन निर्णय. शासन निर्णय मुद्दाम सांगतोय, कारण तुम्हाला नोकरीत तेच टाइप करायचंय आणि ते फुकट मिळतात. बुधवारी मुलीच्या पुस्तकातला धडा. पहिल्या आठवड्यात तुमचा आकडा २५ वर येईल. वहीत तोच लिहा. ३२ खोडून टाका, तो बघून उगाच जीव खालीवर होतो.

हे झालं तरी २८ ची भिंत राहतेच, आणि ती का येते हे सांगण्यासाठी थोडं मागे जातो. १८९७ साली ब्रायन आणि हार्टर या दोघांनी अमेरिकेतल्या तारबाबूंचा अभ्यास केला. कट्ट-कडकट्ट ऐकून संदेश उतरवून घेणारी माणसं. शिकाऊ तारबाबूची प्रगती चढत जायची, मग कित्येक आठवडे सपाट, मग पुन्हा चढ. त्यांचं स्पष्टीकरण असं की आधी माणूस अक्षरं ऐकतो, मग शब्द, मग अख्खी वाक्यं. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधे सपाटी लागते. पुढच्या काही संशोधकांना ती सपाटी सगळीकडे सापडली नाही, म्हणजे ती येईलच असा काही नियम नाही. पण क्लासमध्ये मी ती रोज बघतो, आणि कारणही साधारण तेच दिसतं.

२० च्या स्पीडला बोटं अक्षरं मारतात. ३५ च्या मुलाकडे बघा: 'करण्यात येत आहे' हा त्याच्यासाठी एकच फटका असतो. 'च्या', 'मध्ये', 'यांनी', 'त्यानुसार', हे सगळे तयार गठ्ठे. तुमचे अर्धे गठ्ठे तयार झालेत आणि अर्धे नाहीत, म्हणून गाडी २८ वर. न झालेले शोधायचे कसे, तर कानाने.

मॅन्युअल मशीन होती तेव्हा मी आतल्या खोलीत पेपर तपासत बसायचो आणि बाहेर बावीस मशीन चालू असायची. त्या गदारोळातही सांगता यायचं, खिडकीजवळची मुलगी रफाराला अडकतेय. खट-खट-खट-खट, थांबा, खट. तो 'थांबा' म्हणजे तुमचा स्पीड. बाकीची बोटं चाळीसनेच पळत असतात, अशा दहा-बारा थांब्यांत सरासरी २८ होते. कॉम्प्युटरच्या की-बोर्डचा आवाज बारीक असतो, म्हणून मोबाइल शेजारी ठेवून तो रेकॉर्ड करा आणि उतारा समोर धरून ऐका. जिथे खंड पडेल तिथे पेन्सिलने रेघ. तीन दिवसांत यादी समोर येईल. माझा अंदाज: रफार, 'ऱ्या' (वाऱ्या, दऱ्या, शेतकऱ्यांना), 'ज्ञ', 'ष्ट', आणि कंसाची चिन्हं. 'शेतकऱ्यांना' तर शासन निर्णयात ओळीआड येतो, तो नुसता बसला तरी तुमचा एक शब्द वाढेल.

त्या शब्दांचं घोटीव पान मात्र करू नका. 'सर्व सर्व सर्व सर्व' असं पानभर मारलं तर दुसऱ्या 'सर्व'पासून डोकं झोपतं. सर्व, शेतकऱ्यांना, विज्ञान, कार्यालय, स्पष्ट, दौऱ्यावर, असे मिसळून मारा. चिडचिड होईल, होऊ दे. आणि शेवटची सहा मिनिटं दोन भागांत करा: तीन मिनिटं अंगात आल्यासारखं, चुका होऊ देत, हात ३५ ची चव घेऊ दे, मग तीन मिनिटं सावकाश, एकही चूक नको. दोन्ही एकदम साधायला जाणारा कायम मधेच अडकलेला मी पाहिलाय. हे शेवटचं कुठल्या अभ्यासातलं नाही, माझ्या बाकांवरचं आहे.

लेआउट, म्हणजे की-बोर्डवरची अक्षरांची मांडणी, मात्र आता बदलू नका. कुणी सांगेल इनस्क्रिप्ट सोपा, शास्त्रशुद्ध. आहेच. मी पन्नाशीत शिकलो आणि वर्षभर रडलो. रेमिंग्टनला, म्हणजे आपल्या जुन्या मशीनच्या मांडणीला, पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. इनस्क्रिप्टला अक्षर आधी, वेलांटी नंतर. रेमिंग्टनला 'सर्व' म्हणजे स, व, आणि वर रफार; इनस्क्रिप्टला स, र, पाय मोडा, मग व. दोन्ही ठिकाणी क्रम बरोबर उलटा. माझ्याकडून 'किती'चं दर वेळी काहीतरी भलतंच व्हायचं. नवं शिकताना जुनं आडवं येतं, आणि जुनं जितकं पक्कं तितकं जास्त आडवं येतं. विशीतला मुलगा माझ्यापुढे निघून गेला तो हुशार होता म्हणून नाही, त्याच्या बोटांत जुनं काहीच नव्हतं. दोन महिन्यांत हा खेळ तुम्हाला परवडणार नाही.

वयाचं म्हणाल तर नणंदबाईंना सॉल्टहाउस यांचा १९८४ चा अभ्यास सांगा. १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट घेतले. वय वाढलेल्यांची बोटं एकेका खुणेला उशिरा प्रतिसाद देत होती, तरी टायपिंगचा स्पीड घटलेला नव्हता. कसं? ते कागदावर पुढचं जास्त वाचत होते. बोटं जिथे असतील त्याच्या काही अक्षरं पुढे डोळे. आणि ही लबाडी शिकता येते, त्यासाठी साठीची वाट बघायला नको. माझ्याकडे एक स्टीलची फूटपट्टी आहे, पंधरा वर्षं तेवढ्याच कामाची. मुलगा 'जिल्हाधिकारी' टाइप करायला लागला की मी त्या शब्दावर पट्टी ठेवतो. त्याला बघायचं तर 'कार्यालयाने'च बघावं लागतं. पट्टी शब्दागणिक पुढे सरकते. पहिल्या दिवशी मुलं वैतागतात, चौथ्या दिवशी डोळे आपोआप पुढे पळायला लागतात. घरी हे काम मुलगी आनंदाने करेल, आईला छळायची परवानगीच आहे.

ब्राह्मीबद्दल वैद्यांना विचारा. 'ऱ्या' कुठल्या गोळीत येत नाही एवढं मी सांगू शकतो.

चाचणीच्या दिवशी हात थरथरतो, हा तुमचा शेवटचा मुद्दा. भीतीने थेट नुकसान थोडं होतं. जास्त नुकसान होतं ते भीतीपोटी माणूस स्वतःच्या बोटांकडे बघायला लागतो त्याने. लोगन आणि क्रंप यांनी २००९ साली तरबेज टायपिस्टना सांगितलं, फक्त एका हाताला येणारी अक्षरं टाइप करा, दुसऱ्या हाताची सोडून द्या. अक्षरं कमी झाली, तरी गती कोसळली आणि चुका वाढल्या. कारण कुठलं अक्षर कुठल्या हाताचं हे बघायला आत डोकावावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी चावट प्रयोग केला: पडद्यावर गुपचूप काही चुका घुसवल्या आणि काही खऱ्या चुका दुरुस्त करून दाखवल्या. टायपिस्ट पडद्यावर विश्वास ठेवून म्हणाले, ही माझी चूक, हे माझं बरोबर. बोटं मात्र फसली नाहीत. खऱ्या चुकीनंतरच ती मंदावत होती, पडद्यावर काहीही दिसो.

म्हणजे चूक झाली की तुमच्या बोटांना ती आधी कळते. नजर कागदावर ठेवा. दर शब्दाला पडद्याकडे मान वळवणं, ही नवीन कॉम्प्युटरवाल्यांची खोड आहे. आमच्या मशीनवर बघून उपयोगच नव्हता, शाई लागली ती लागली. बॅकस्पेस चालतं की नाही, चुकांचे गुण कसे कापतात, हे तुमच्या जाहिरातीत आणि सूचनापत्रात बघा, क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, माझ्याही. आणि पुढच्या महिन्यात तीन-चार वेगवेगळ्या की-बोर्डवर बसा. दिराच्या ऑफिसातला, पिंपळगावातल्या झेरॉक्सवाल्याकडचा, कुठलाही. चाचणीत पुढ्यात येणारा की-बोर्ड घट्ट असेल, नाहीतर 'य'ची की अडकलेली असेल. आवाज, खुर्चीची उंची, शेजारी धडाधड मारणारा मुलगा, हे सगळं एकदा तरी आधी घडून गेलेलं बरं.

मुलीच्या पाढ्यांचं जाता जाता विचारलंत. तिला वाचायला लावण्यापेक्षा विचारा. पुस्तक मिटून, उलटसुलट, आज विचारलेलं परवा पुन्हा. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटं झालं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि एकदा न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६. बस थांब्यावर येईपर्यंत तेराचा पाढा विचारा, तेवढा वेळ पुरतो.

नाशिकरोडला येणं झालं तर रेकॉर्डिंग घेऊन या, दोघं मिळून ऐकू. शनिवारी दुपारी दोननंतर क्लास रिकामा असतो. जुन्या मशीनमधलं एक अजून चालू ठेवलंय, त्याच्यावर दहा मिनिटं बसा. खंड कुठे पडतो ते तुम्हालाच ऐकू येईल.